ह्वे: खाय दिन्ह सम्राटाची समाधी आणि फुटक्या कपांची नक्षी

सांजवेळ | मंगळवार, रात्री ९.३०

नमस्कार मंडळी,

तीन दिवस झाले, आई आणि मी मध्य व्हिएतनाममधल्या ह्वे शहरात आहोत. आज सकाळी खाय दिन्ह सम्राटाची समाधी पाहिली. हॉटेलवर परतल्यापासून आमच्या दोघींच्या बोलण्यात तोच विषय आहे, म्हणून ताजं आहे तोवर लिहून काढते.

न्गुयेन घराण्याने १८०२ ते १९४५ या काळात ह्वेहून राज्य केलं. तेरा सम्राट झाले. शहराच्या दक्षिणेला हुआँग नदीच्या (हुआँग म्हणजे सुगंध) आसपासच्या टेकड्यांमध्ये त्यांच्या समाध्या विखुरलेल्या आहेत. खाय दिन्ह हा बारावा, १९१६ ते १९२५ गादीवर होता. त्याने १९२० मध्ये स्वतःच्या समाधीचं काम सुरू केलं, ते त्याच्या मृत्यूनंतर मुलाने, बाओ दायने, १९३१ मध्ये पुरं केलं. म्हणजे अकरा वर्षं.

शहरापासून अंतर साधारण दहा किलोमीटर. ग्रॅब या टॅक्सी ॲपवरून गाडी केली. तिकीट प्रत्येकी दीड लाख डोंग, आपले पाचशेच्या आसपास रुपये. गाडीतून उतरलं की समोर थेट जिनाच येतो. एकूण १२७ पायऱ्या आहेत, आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वीच झालंय. पण पायऱ्या सलग नाहीत, टप्प्याटप्प्याने चौक आहेत. आम्ही प्रत्येक चौकात बसलो. घाई न केल्यामुळे जास्त दिसलं, हे नंतर लक्षात आलं.

खालून पाहिलं तर सगळं काळं. कठड्यांवरून खाली सरपटत येणारे ड्रॅगन काळे, खांब काळे, कमानीही काळ्या. आई म्हणाली, "वाडा जळून गेल्यासारखा वाटतोय गं." हा दगड नव्हे, सिमेंट काँक्रीट आहे. शंभर वर्षांच्या पावसाने आणि शेवाळाने त्याला हा रंग आलाय.

दुसऱ्या टप्प्यावर दरबाराचा चौक लागतो. दगडी मंत्री, शिपाई, घोडे, हत्ती ओळीने उभे. हे ह्वेच्या इतर समाध्यांमध्येही असतं. पण मान वर केली की गोंधळायला होतं. दोन्ही बाजूंना उंच स्तंभ, युरोपातल्या चौकांत असतात तसे. दाराचे खांब आपल्याकडच्या देवळाची किंवा स्तूपाची आठवण करून देणारे. अष्टकोनी मंडपात खाय दिन्हचं चरित्र कोरलेला शिलालेख, त्याचं छप्पर चिनी वळणाचं आणि कमानी पाश्चात्त्य. कठड्यांच्या जाळीत क्रुसासारखे आकार. मला वाटलं होतं हे सगळं एकमेकांशी भांडेल. थोडं भांडतंही. पण चौकात वीसेक मिनिटं बसल्यावर त्या भांडणाची सवय होते.

सगळ्यात वरच्या टप्प्यावर थिएन दिन्ह महाल. उंबरा ओलांडला आणि मी जागच्या जागी थांबले.

आतली एकही भिंत मोकळी नाही. चिनी मातीच्या भांड्यांचे आणि रंगीत काचेचे तुकडे बसवून फुलं, पक्षी, बांबू, ढग, चारी ऋतू उभे केलेत. चिनी माती आणि काच चीन-जपानहून आणलेली. लांबून रंगवलेलं वाटतं. हातभर अंतरावर गेलं की कळतं, पाकळीचा बाक म्हणजे एखाद्या कपाच्या पोटाचा बाक आहे. ड्रॅगनच्या अंगावर निळ्या-पांढऱ्या ताटलीचे तुकडे आहेत आणि त्यांवरची जुनी नक्षी अजून ओळखू येते. कारागिराने आधी भांडं फोडलं, मग प्रत्येक तुकड्याच्या वळणाला साजेशी जागा शोधली. पारंपरिक चित्रांच्या मधेच टेनिसची रॅकेट, गजराचं घड्याळ, रॉकेलचा दिवा अशा वस्तूही आहेत. आईने घड्याळ माझ्या आधी शोधलं.

छतावर ढगांत लपलेले नऊ ड्रॅगन. हे काम फान वान तान्ह या चित्रकाराचं. त्याने ते पायांच्या बोटांत कुंचला धरून केलं, अशी गोष्ट तिथे सांगतात. खरी असो वा नसो, खाली उभं राहून वर बघताना मान दुखली तेव्हा त्या माणसाचा विचार आला.

मधल्या दालनात छत्राखाली सम्राटाचा सोनेरी मुलाम्याचा ब्राँझचा पुतळा बसलेला आहे. तो १९२० मध्ये फ्रान्समध्ये ओतवला. पुतळ्याच्या बरोबर खाली, नऊ मीटर खोल, त्याचं दफन आहे.

आम्ही त्या दालनात तासभर होतो. बाहेर येताना आईने विचारलं, "एवढ्याला पैसे कुठून आले?" मला नीट उत्तर देता आलं नाही. इथे जाणकार आहेत, सांगा. उद्याचा पूर्ण दिवस आमच्या हातात आहे, आणखी काय पाहावं तेही सुचवा.


दूरचे_दिवे | मंगळवार, रात्री १०.०५

फार सुंदर लिहिलंय. आम्ही २०१९ मध्ये गेलो होतो, पण टूरवाल्यांनी चाळीस मिनिटं दिली होती. तुकड्यांच्या वळणाचं तेव्हा लक्षातच आलं नाही. आता फोटो काढून झूम करून बघतेय.


उलटतपासणी | मंगळवार, रात्री १०.४०

आईंचा प्रश्न अगदी नेमका आहे. पैसे शेतकऱ्यांकडून आले. या समाधीसाठी खाय दिन्हने फ्रेंच सरकारकडे जमिनीचा कर ३० टक्क्यांनी वाढवायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. लोखंड, सिमेंट, कौलं फ्रान्सहून जहाजाने आली.

तो गादीवर कसा आला हेही बघा. त्याच्या आधीचा दुय तान हा कोवळ्या वयाचा सम्राट १९१६ च्या मे महिन्यात फ्रेंचांविरुद्धच्या उठावात सामील झाला. उठाव फसला. फ्रेंचांनी त्याला हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर हद्दपार केलं. तिथे त्याच्या वडिलांनाही, थान्ह थायनाही, पाठवलं. मग आपल्या सोयीचा म्हणून खाय दिन्हला बसवलं. १९२२ मध्ये तो मार्सेयच्या वसाहतींच्या प्रदर्शनाला गेला तेव्हा फ्रान्समध्ये असलेल्या राष्ट्रवादी फान चाउ त्रिन्ह यांनी त्याच्यावर सात आरोप ठेवणारं जाहीर पत्र लिहिलं. तरुण न्गुयेन आय क्वोक, म्हणजे पुढचे हो ची मिन्ह, यांनी त्याची खिल्ली उडवणारं नाटुकलं लिहिलं.

नक्षी सुंदर आहे हे मान्य. पण मी तिथे गेलो तेव्हा मला त्या दालनात गुदमरायला झालं. जिथे एक इंच जागा रिकामी नाही तिथे श्वास कुठे घ्यायचा? मिन्ह मांग सम्राटाच्या समाधीत पाणी आहे, झाडं आहेत, एका सरळ रेषेत एकामागून एक दारं उघडत जातात. तिथे मृत्यूबद्दल काहीतरी म्हटलंय असं वाटतं. इथे फक्त सत्ता गेलेल्या माणसाचा हट्ट दिसतो.


सांजवेळ | मंगळवार, रात्री ११.१०

३० टक्के! आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "भांडी फोडणाऱ्याच्या घरी किती भांडी असतील?"

मिन्ह मांगची समाधी आम्ही काल पाहिली, आणि शांततेच्या बाबतीत तुम्ही म्हणता ते पटतं. पण "फक्त हट्ट" हे मला पटत नाही. हट्ट राजाचा असेल. ती पाकळी बसवणाऱ्याचा नव्हता. ते काम कुणी वेठीला धरून करवून घेतल्यासारखं दिसत नाही हो, कोपऱ्यातल्या, जिथे कुणी बघणार नाही अशा फुलातही तुकड्यांचं वळण चुकलेलं नाही.


बांधकामकाका | बुधवार, सकाळी ६.५०

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून छत्तीस वर्षं काम करून निवृत्त झालो. चार वर्षांपूर्वी ही समाधी पाहिली. सांजवेळताई, तुम्ही पुतळ्यावरच्या छत्राचा उल्लेख एका शब्दात उरकलात, त्यावर थोडं लिहितो.

ते छत्र मखमलीच्या झालरीसारखं दिसतं. कडेला चुण्या, वाऱ्याने हलेल अशी लाट. ते प्रबलित काँक्रीट आहे, वजन सुमारे एक टन. १९२० च्या दशकात, डोंगरावर, आजच्यासारखी मिक्सरची गाडी आणि पंप नसताना. आत सळ्या वाकवून आधी तो झालरीचा आकार उभा करायचा, मग काँक्रीट चढवायचं आणि वर तुकड्यांची नक्षी अशी जडवायची की वजन कळूच नये. मी खाली उभा राहून आधार कुठे कुठे असेल याचा अंदाज बांधत होतो. बायको कंटाळून बाहेर जाऊन बसली.

काळेपणाबद्दल: ह्वेला पाऊस फार. सप्टेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत तो धरून बसतो. सिमेंटचा गिलावा सच्छिद्र असतो, पाणी धरतो, त्यावर शेवाळ आणि बुरशी बसते, उन्हाळ्यात ती वाळून काळी पडते. कोकणातल्या कुठल्याही न रंगवलेल्या गडग्याकडे पावसाळ्यानंतर बघा, तोच रंग. खरी काळजी काळेपणाची नाही, आत पाणी शिरून सळई गंजण्याची आहे. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. १९२० च्या काँक्रीटचं जतन हे दगडाच्या देवळाच्या जतनापेक्षा अवघड काम आहे.

भांड्यांच्या तुकड्यांची नक्षी खाय दिन्हने आणलेली नाही. ह्वेमध्ये ती आधीपासून होती. राजवाड्यांच्या आणि देवळांच्या छपरांवर, कौलांच्या कण्यावर अशी नक्षी दिसते. जुन्या चुन्यात तिथे उसाची काकवी घालत, आपल्याकडे गूळ आणि बेलफळ घालायचे तशी. या समाधीत ते काम छपरावरून घरात आलं आणि त्यात काच मिसळली. कारागीर त्यांचेच, हात त्यांचेच, सिमेंट तेवढं परकं. सरमिसळ शैली म्हणतात ती मला तरी दाराच्या खांबांपेक्षा इथे जास्त दिसली.


निवळी | बुधवार, सकाळी ७.३०

काका, मन लावून वाचलं. असेच लिहीत राहा. एक शंका: समाधी एवढी चिंचोळी का? 'तू दुक' सम्राटाच्या समाधीत तर तळं, नौकाविहाराचा मंडप, सगळा बगीचाच आहे.


मुक्काम_सायगाव | बुधवार, सकाळी ८.१५

निवळी, तू दुकची जागा सुमारे १२ हेक्टर आहे. तो जिवंतपणी तिथे राहायचा, कविता करायचा. (त्या कामावरच्या मजुरांनीही १८६६ मध्ये चुना कुटायचे दांडे घेऊन बंड केलं होतं. तेव्हा कराचा आणि वेठीचा प्रश्न एका खाय दिन्हपुरता नाही.) खाय दिन्हची समाधी ११७ मीटर लांब आणि ४८.५ मीटर रुंद, डोंगराच्या उतारावर उभी चढवलेली. पाणी आणि झाडं कुंपणाच्या आत नाहीत, पण त्यांचा विचार झालेला आहे. समोरून वाहणारा ओढा आणि दोन बाजूंच्या टेकड्या फेंग शुईच्या हिशोबाने समाधीचाच भाग मानल्या आहेत. वरच्या टप्प्यावरून मागे वळून बघितलं की ते कळतं. बहुतेक जण वळत नाहीत.

मी चार वर्षं सायगावात नोकरीला आहे, ह्वेला पाच-सहा वेळा गेलो. उलटतपासणी यांचे मुद्दे बरोबर आहेत, इथली माणसंही खाय दिन्हबद्दल फार प्रेमाने बोलत नाहीत. पण दोन गोष्टी जोडतो. चिनी लिपीतल्या, कन्फ्यूशियसच्या ग्रंथांवरच्या दरबारी परीक्षा शेकडो वर्षं चालल्या होत्या. त्यांतली शेवटची १९१९ मध्ये याच्याच काळात झाली आणि मग पद्धत बंद झाली. ह्वेचं राजवस्तूंचं संग्रहालयही १९२३ मध्ये याच्या नावाने सुरू झालं. तो ज्या काळात होता त्याच्या दोन्ही बाजू त्याच्या अंगावर होत्या, आणि समाधी तशीच दिसते.

सांजवेळ, आज वेळ आहे तर एक विनंती. आन लांगला जा. शहराला लागूनच आहे. तिथे दुक दुक सम्राटाची समाधी आहे. हा १८८३ मध्ये तीन दिवस गादीवर होता, मग कैदेत उपाशी मेला. त्याचा मुलगा थान्ह थाय आणि नातू दुय तान, दोघेही तिथेच आहेत. वर ज्या हद्दपार केलेल्या बापलेकांचा उल्लेख झाला तेच. थान्ह थाय कित्येक वर्षांनी मायदेशी परतू शकला, १९५४ मध्ये सायगावात वारला. दुय तान १९४५ मध्ये आफ्रिकेत विमान अपघातात गेला. त्याचे अवशेष १९८७ मध्ये ह्वेला आणून वडिलांशेजारी ठेवले. खाय दिन्ह पाहिल्यावर हे पाहायलाच हवं.

आणि जेवणाचं. शाकाहारी असाल तर "चाय" हा शब्द लक्षात ठेवा. त्याचा चहाशी काही संबंध नाही, पाटीवर तो दिसला की शाकाहारी जेवण. ह्वेमध्ये मठ खूप, त्यामुळे हे जेवण उत्तम मिळतं. पौर्णिमेला आणि अमावास्येनंतरच्या प्रतिपदेला तर घरोघरी चाय असतं.


दूरचे_दिवे | बुधवार, सकाळी ९.००

प्रतिपदेचा आणि पौर्णिमेचा उपास! आईंना सांगा, त्यांना आवडेल.


उलटतपासणी | बुधवार, दुपारी १२.२०

मुक्काम_सायगाव, चुना कुटणाऱ्यांच्या बंडाची आठवण दिलीत ते बरं केलंत. तू दुकच्या तळ्याकाठी बसून मीही शांतता शांतता करत होतो. त्या शांततेचाही हिशेब मांडायला हवा होता.

बांधकामकाका, छत्राबद्दल वाचून माझं मत बदललं नाही, पण पुन्हा गेलो तर त्याच्याखाली नक्की उभा राहीन.


सांजवेळ | बुधवार, रात्री ८.५०

आन लांगहून आलो. सकाळी काल ठरवल्याप्रमाणे नदीवर जाणार होतो, पण मुक्काम_सायगाव यांचा प्रतिसाद आईला वाचून दाखवल्यावर तिनेच बेत बदलला.

तिथे गर्दी अजिबात नव्हती. साधं आवार, जुनी झाडं, एक देऊळवजा इमारत. आत तिघांचे, आजोबा, वडील, मुलगा यांचे, फोटो आणि पूजेची जागा. मागच्या बाजूला थान्ह थाय आणि दुय तान यांची थडगी. साधी, बुटकी, गावातल्या एखाद्या बऱ्या घरातल्या माणसाचं असावं तशी. ड्रॅगन नाहीत, पुतळा नाही. कुणीतरी सकाळी उदबत्त्या लावून गेलं होतं, त्यांच्या लाल काड्या राखेत उभ्या होत्या.

काल मी लिहिलं की कारागिराचं वळण चुकलेलं नाही. ते मी मागे घेत नाही. पण आज त्या दोन थडग्यांसमोर उभं राहिल्यावर कालच्या दालनातला प्रत्येक तुकडा मला जरा जड वाटला. ज्याने फ्रेंचांशी जमवून घेतलं त्याला एक टनाचं छत्र, आणि जे जमवून घेईनात त्यांना समुद्रापलीकडचं बेट. दुय तान उठावात पडला तेव्हा सोळा वर्षांचाही झाला नव्हता, हे मला काल माहीत असतं तर मी ती समाधी वेगळ्या डोळ्यांनी पाहिली असती. वाईट डोळ्यांनी नाही, पण वेगळ्या.

आईने पर्समधून आपली उदबत्ती काढली (ती जाईल तिथे पुडा बरोबर नेते) आणि तिघांसमोर एकेक लावली. तिथली झाडलोट करणारी बाई दुरून बघत होती. ती आली, आईच्या हातातली काडी घेऊन वास घेतला आणि हसली. मग आत जाऊन तिच्याकडची एक जाड, लाल काडीची उदबत्ती आणून आईला दिली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता.


जांभा_चिरा | बुधवार, रात्री १०.३०

मी रत्नागिरीचा. धागा कालपासून वाचतोय, पण आजचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं.

आमच्या गावात ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा आहे. इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचं राज्य घेतलं आणि त्याला इथे आणून ठेवलं. तीस वर्षं तो रत्नागिरीत राहिला. थिबा पॅलेस सगळ्यांना माहीत आहे, तो १९१० मध्ये बांधून झाला. त्यानंतर सहा वर्षांत, १९१६ च्या डिसेंबरमध्ये, राजा वारला. तुमच्या दुय तानला फ्रेंचांनी बेटावर पाठवलं तेच वर्ष. एक साम्राज्य तिकडच्या राजाला समुद्रापार नेतं, दुसरं इकडच्या समुद्राकाठी आणून ठेवतं.

थिबाची मोठी राणी सुपयालत रंगूनला परतली आणि १९२५ च्या नोव्हेंबरमध्ये वारली. खाय दिन्ह गेला तोच महिना. थिबाची समाधी मात्र इथेच, शहरात आहे, शेजारी त्याच्या धाकट्या राणीची. चौकोनी चौथऱ्यावरचं साधं बांधकाम, पावसाने काळं पडलेलं. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष येऊन दर्शन घेऊन गेले. एरवी कुणी फिरकत नाही. मी शाळेत असताना आम्ही त्या बाजूला क्रिकेट खेळायला जायचो, ती कुणाची समाधी हे कुणी सांगितलंच नव्हतं. मला ते कळलं तेव्हा मी चाळिशीत होतो.


बांधकामकाका | गुरुवार, सकाळी ६.३०

जांभा_चिरा, मी रत्नागिरीत दोन वर्षं कामाला होतो. पॅलेस अनेकदा पाहिला, समाधीला एकदाही गेलो नाही. आज वाईट वाटतंय.


सांजवेळ | गुरुवार, सकाळी ७.४५

विमानतळावरून लिहितेय. जांभा_चिरा, तुमचा प्रतिसाद आईला नाश्त्याच्या वेळी वाचून दाखवला. तिचं माहेर संगमेश्वरचं. रत्नागिरीला ती शंभरदा गेली असेल, आणि तीही फक्त पॅलेसलाच. त्या बाईने दिलेली लाल काडीची उदबत्ती तिने काल लावली नाही, रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवलीय. ती थिबाला लावायची म्हणतेय. समाधी रोज उघडी असते का? मे महिन्यात येऊ.


जांभा_चिरा | गुरुवार, सकाळी ८.१०

काकूंना नमस्कार सांगा. येण्याआधी व्यक्तिगत निरोप करा, मी स्वतः घेऊन जाईन. पण मेपेक्षा जरा आधी या, एप्रिलच्या सुरुवातीला. मेमध्ये दुपारी त्या चौथऱ्यावर पाय ठेवता येत नाही.